बॉनेट उंच का झाले? इंजिन बदललेल्या गाड्यांचा आपला इतिहास

१/
आजचा धागा किल्ल्यांचा नाही, तहांचाही नाही. तो गाडीच्या बॉनेटखालचा आहे. हिंगोली–कळमनुरी, हिंगोली–औंढा नागनाथ, वसमत–औंढा या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी एक पिढी शाळेत, आठवडी बाजारात आणि नर्सी नामदेवच्या यात्रेला नेली. त्या काळी जुनी गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस रंग किंवा टायर पाहण्याआधी विचारी, "इंजिन कोणतं बसवलंय?" हा प्रश्न विचारताना त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असे: सांगाडा एका कारखान्याचा आणि इंजिन दुसऱ्याच कुळातले असू शकते. आपल्या रस्त्यांचा बराचसा इतिहास या गृहीतात दडलेला आहे.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो. साध्या, स्वस्त गाडीचे हेड किंवा संपूर्ण इंजिन बदलून तिची ताकद वाढवणे याला आपण सहज 'जुगाड' म्हणतो. त्या शब्दात कौतुक थोडे आणि तुच्छता अधिक असते. वस्तुतः आपल्या देशातील मोटार कारखान्यांनीही अनेक दशके हेच केले. कारखान्याने केले की त्याला 'नवे मॉडेल' म्हणायचे आणि गॅरेजने केले की 'जुगाड', असा हा भेद. तो आता बोलण्यापुरता उरलेला नाही. वाहन कायद्यात आणि 'वारसा' या शब्दाच्या सरकारी व्याख्येतही तो उतरला आहे. म्हणून त्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते.

३/
प्रथम थोडी यंत्रविद्या. इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग. खालचा ब्लॉक, त्यात पिस्टन वर-खाली होतात. वरचे झाकण म्हणजे हेड. इंधन-हवेचे मिश्रण किती सहज आत येते, किती दाबले जाते आणि जळलेला वायू किती लवकर बाहेर पडतो, हे बहुतांशी हेडच्या घडणीवर ठरते. माणसाचे फुप्फुस तेच ठेवून नाक मोकळे केले तर धाप कमी लागते, तसाच हा प्रकार. म्हणूनच ब्लॉक तोच ठेवून नुसते हेड बदलले, तरी गाडीची अश्वशक्ती वाढू शकते. तेवढ्याने भागत नसेल तर संपूर्ण इंजिनच उतरवून दुसरे चढवायचे.

४/
याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे उभे होते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारच्या झडपा ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होत्या. सुमारे २,२०० सीसी आणि ६० अश्वशक्ती. पुढे विलिसच्या अभियंत्यांनी मिश्रण आत घेणारी झडप उचलून हेडमध्ये नेली आणि बाहेर सोडणारी ब्लॉकमध्येच राहू दिली. घनफळ तेच राहिले, पण अश्वशक्ती सत्तरीच्या वर गेली. मात्र नव्या हेडमुळे इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले.

५/
महिंद्रा अँड महिंद्राने मुंबईत जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली होती. पुढे परवान्याखाली हीच उंच बॉनेटची जीप भारतात तयार होऊ लागली. मूळ अमेरिकन उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र तिचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला. पोलीस ठाणे, तहसील, वनखाते, पाटबंधारे अशा सगळ्या कचेऱ्यांच्या दारात उभी असलेली ती उंच कपाळाची गाडी म्हणजे हेड बदलल्याचा चालता-फिरता पुरावा होता. शिलालेख वाचायला लिपी यावी लागते. हा पुरावा वाचायला नुसते समोर उभे राहिले तरी पुरे.

६/
आता अ‍ॅम्बेसेडर. "पन्नास वर्षे न बदललेली गाडी" हे तिचे घासून गुळगुळीत झालेले वर्णन अर्धेच खरे आहे. १९५७ साली कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती निघू लागली तेव्हा तिच्यात बाजूला झडपा असलेले १,४७६ सीसीचे इंजिन होते. १९५९ साली त्याच्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १,४८९ सीसीचे, हेडमध्ये झडपा असलेले ५५ अश्वशक्तीचे इंजिन आले. बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक कळला नसेल. आत मात्र एका युगाचे तंत्र जाऊन दुसऱ्या युगाचे आले होते. ही गाडी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

७/
गंमत पुढेच आहे. याच १,४८९ सीसीच्या कुळातले इंजिन इंग्लंडमध्ये १९५५ च्या 'एमजीए' या दोन आसनी स्पोर्ट्स गाडीत होते. तेथे ते सुमारे ७० अश्वशक्ती देई. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ५५. घनफळ एकच, कूळ एकच. फरक होता दोन कार्ब्युरेटरचा, अधिक दाबाचा आणि झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळांचा. म्हणजे अधिक ताकद त्या लोखंडात आधीपासूनच होती. ती किती बाहेर काढायची, हा निर्णय कारखाना घेत असे आणि तो गाडीच्या किमतीवर, मिळणाऱ्या पेट्रोलच्या प्रतीवर व रस्त्यांवर अवलंबून असे. हा निर्णय बदलणे म्हणजेच हेडवर आणि कार्ब्युरेटरवर काम करणे.

८/
पण मुळात जुन्याच सांगाड्यात नवे इंजिन घालण्याची पाळी का आली? १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कारखान्याला काय आणि किती बनवायचे यासाठी परवाना लागू केला. केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारने दार दाखवले. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने आणि तिच्याबरोबर फोर्डनेही १९५० च्या दशकात येथून गाशा गुंडाळला. उरल्या तीन प्रमुख कार-कंपन्या: हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड. नवा सांगाडा घडवायचा तर नवे साचे, नवे परकीय चलन आणि नवी परवानगी. त्या मानाने इंजिन बदलणे सोपे होते.

९/
म्हणून कारखान्यांनी काय केले ते पाहा. १९८४ च्या काँटेसाला ब्रिटिश व्हॉक्सहॉलचा ऐसपैस सांगाडा मिळाला, पण आत तेच अ‍ॅम्बेसेडरचे पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन. अंग पहिलवानाचे आणि दम लेकराचा! काही वर्षांनी तिच्यात जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि अश्वशक्ती ऐंशीच्या वर गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी इसुझूच्याच इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर निघाली. वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियरने १९८५ साली '११८ एनई' आणली: सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचे, १,१७१ सीसी. इटलीचा देह आणि जपानचे हृदय, जुळणी कुर्ल्याची. हे गॅरेजात घडले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

१०/
१९७३ च्या तेलसंकटानंतर एक वेगळे वळण आले. पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅम्बेसेडर डिझेल इंजिनासह निघाली. घनफळ पूर्वीचेच १,४८९ सीसी, अश्वशक्ती मात्र ५५ वरून ३७ च्या आसपास उतरली. तरीही टॅक्सीवाल्यांनी आणि सरकारी खात्यांनी तिला आपलेसे केले. ताकद कमी झाली तरी लोक इंजिन बदलायला तयार होते, ही गोष्ट 'इंजिन-बदल म्हणजे वेगाचा हव्यास' या समजाला छेद देते. येथे हिशेब ताशी किलोमीटरचा नव्हता; तो किलोमीटरमागे पडणाऱ्या पैशांचा होता.

११/
जीपचेही तसेच झाले. महिंद्राच्या ट्रॅक्टर-उद्योगाची मुळे १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी झालेल्या भागीदारीत होती. त्या घराण्यातले डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये उतरले. म्हणजे नांगर ओढणारे यंत्र माणसे वाहू लागले. त्यानंतर १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी परवान्याचा करार झाला आणि २,११२ सीसीचे, ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन भारतात बनू लागले. अमेरिकन सांगाडा, आधी अमेरिकन पेट्रोल इंजिन, मग ट्रॅक्टरचे, मग फ्रेंच. मराठवाड्याच्या रस्त्यांवर धावलेल्या जीपगाड्यांची वंशावळ ही अशी तीन खंडांना स्पर्श करणारी आहे.

१२/
'ताकद' या शब्दाचा अर्थही येथे नीट पाहायला हवा. अश्वशक्ती म्हणजे ओढ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. पेट्रोल इंजिन फेऱ्यांवर मिळवते. डिझेल इंजिन सावकाश फिरतानाच चांगली ओढ देते. हिंगोलीच्या बाजाराला निघालेली हळदीची पोती आणि त्यांवर बसलेली माणसे घेऊन पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने जायचे असेल, तर कमी फेऱ्यांवरची ओढच कामाची. हिंगोलीवरून जाणारा अकोला–पूर्णा लोहमार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता आणि तो मोजक्याच गावांना शिवत होता. बाकीच्या गावांचे दळणवळण एसटीवर आणि जीपवर होते. तेथे 'ताकदवान गाडी' म्हणजे भरलेली असताना चढावर न थांबणारी गाडी.

१३/
कारखान्याने डिझेल गाडी काढली, पण आधी विकल्या गेलेल्या पेट्रोल गाड्यांचे काय? तेथे गॅरेज पुढे आले. पेट्रोल जीपमध्ये किंवा अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणे हे तेव्हाच्या मिस्तऱ्यांचे ओळखीचे काम होते. हे काम वाटते तितके सोपे नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत. मध्ये लेथवर कातलेली जाड लोखंडी प्लेट लागते. फ्लायव्हील आणि क्लच जमवावे लागतात. इंजिन ज्यावर टेकते ते पाये नव्याने वेल्ड करावे लागतात. पंखा, रेडिएटर, सायलेन्सरची नळी यांना जागा करून द्यावी लागते. शाफ्टची लांबी एका बोटाने चुकली तरी गाडी थरथरते.

१४/
हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून पोराकडे, हाताकडून हाताकडे गेले. कोणते हेड किती घासले म्हणजे दाब वाढतो आणि किती घासले म्हणजे इंजिन ठोका देऊ लागते, हे कानाने ओळखणारी माणसे त्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वाड्याच्या तुळईचे माप सांगणाऱ्या सुताराचे ज्ञान आपण आता आदराने नोंदवतो. तलवारीला पाणी देणाऱ्या लोहारावर लेख लिहितो. मिस्तऱ्याच्या वाट्याला मात्र 'जुगाडू' एवढेच विशेषण आले. ऑइलने माखलेला हात इतिहासाच्या पानावर ठेवायला आपण कचरतो, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

१५/
तरीही केवळ गौरव करणे हा इतिहास नव्हे. डिझेल इंजिन जड असते. पुढच्या पाट्यांवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होते. उलट अधिक वेगाचे इंजिन बसवले आणि ब्रेक मात्र जुनेच ड्रमचे ठेवले, तर गाडी पळते पण थांबत नाही. कारखाना इंजिन बदलताना ब्रेक, स्प्रिंगा, थंडाव्याची सोय यांची चाचणी घेतो, निदान घेणे अपेक्षित असते. गॅरेजकडे चाचणीचा मार्ग नव्हता. पहिली चाचणी भरल्या गाडीनिशी रस्त्यावरच होई. कारखाना आणि गॅरेज यांच्यातील खरा फरक हा आहे. बुद्धीत दोघे तुल्यबळ होते. तपासणीची सोय एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती.

१६/
मग मारुतीचे युग आले. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन मुळात सहा झडपांचे होते. २००० साली आलेल्या ऑल्टोमध्ये तेच घनफळ, पण झडपा बारा. अश्वशक्ती चाळिशीच्या आतून पंचेचाळिशीच्या पुढे गेली. जिप्सीचे उदाहरण याहून बोलके: १९९६ मध्ये १,२९८ सीसी, आठ झडपा, ६० अश्वशक्ती, २००० मध्ये तेच घनफळ, सोळा झडपा आणि जोडीला सुधारलेली इंधन-यंत्रणा, ८० अश्वशक्ती. हौशी तरुणांनी हे पाहिले आणि लहान गाडीत मोठ्या भावाचे इंजिन बसवू लागले. त्यांची प्रेरणा निराळी होती. तेथे खरोखरच वेग हवा होता.

१७/
आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मूळ कलम ५२ चा रोख असा होता: नोंदणीपत्रातील तपशील चुकीचा ठरेल असा फेरबदल करायचा असेल, तर आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि मंजुरी घ्या. २००० सालच्या दुरुस्तीने कसोटीच बदलली. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करूच नये, असे कलम म्हणू लागले; मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यासारखे मोजके अपवाद राहिले. पूर्वी गाडी कागदाशी जुळायला हवी होती आणि कागद बदलता येत होता. आता गाडी कारखान्याच्या मूळ रूपाशी जुळायला हवी.

१८/
९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने याला माझा विरोध नाही. मात्र इतिहासाच्या दृष्टीने एक हानी झाली. जोवर 'कळवा आणि नोंदवा' ही पद्धत होती, तोवर प्रत्येक इंजिन-बदल कचेरीच्या कागदावर उमटण्याची शक्यता होती. 'करूच नका' म्हटल्यावर बदल थांबले असतील किंवा लपले असतील. दोन्ही परींनी नोंद संपली.

१९/
याहून मोठा अन्याय व्याख्येने केला. २०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी त्यात बसते, पण ती मूळ रूपात जपलेली हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे धनिकाच्या मोटारखान्यात ताडपत्रीखाली पन्नास वर्षे झोपलेली गाडी हा वारसा. आणि तीन वेळा इंजिन बदलून पन्नास वर्षे माणसे, पोती, आजारी, वऱ्हाडी वाहिलेली जीप मात्र वारसा नाही! जी वापरली गेली, टिकवली गेली, तिलाच आपण इतिहासातून वगळले.

२०/
कोणी म्हणेल, मूळ रूप जपणे हाच वारशाचा निकष असतो. मग आपल्या देवळांकडे पाहा. औंढ्याच्या नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग जुन्या दगडी कोरीव कामाचा आणि वरचा भाग नंतरच्या बांधणीचा आहे, हे तेथे गेलेल्या कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्या दोन थरांमुळे कोणी त्याला वारशातून काढत नाही. उलट थर वाचता येतात म्हणून अभ्यासक तेथे जातात. पाया एका काळाचा आणि शिखर दुसऱ्या काळाचे असलेली वास्तू जर इतिहास असेल, तर सांगाडा १९६५ चा आणि इंजिन १९८५ चे असलेली गाडीही इतिहासच आहे.

२१/
म्हणून माझी भूमिका दुहेरी आहे. आज तुमच्या गाडीत चोरून मोठे इंजिन बसवू नका. ते बेकायदा आहे आणि जुन्या ब्रेकवर नवा वेग म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. पण काल जे बदल झाले त्यांची नोंद व्हायला हवी, आणि अशा जुन्या गाड्यांना तपासणी करून, 'परिवर्तित' असा स्पष्ट शेरा मारून वारशाच्या यादीत जागा मिळायला हवी. इंधन बदलण्याच्या वाटेने कायद्यानेच एक फट ठेवली आहे. जुन्या गाडीत विजेची मोटर बसवण्याचे मान्यताप्राप्त संच त्याच वाटेने येतात. म्हणजे चाचणी आणि नोंद होत असेल तर बदल चालतो, हे तत्त्व सरकारलाही मान्य आहे.

२२/
शेवटी तुमच्यासाठी काम. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आधीच्या गाड्या एमएच-२२ च्या, नंतरच्या एमएच-३८ च्या. घरात, गोठ्यात, मामाच्या वाड्यात एखादी जुनी जीप किंवा अ‍ॅम्बेसेडर उभी असेल तर तिचे आरसी बुक काढा. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधनाचा रकाना आणि त्यावरील शेरे वाचा. मग बॉनेट उघडून प्रत्यक्ष इंजिनावरचा क्रमांक पडताळा. दोन्ही जुळले नाहीत तर चूक समजू नका, तेथेच कथा सुरू होते. ती कथा ज्याने घडवली तो मिस्तरी बहुधा आता सत्तरीत असेल. त्याच्याकडे जा, चहा घ्या, तो सांगेल ते वहीत लिहून घ्या. जीप भंगारात गेली तरी निदान वही उरेल.